नागरत्नाच्या गोळीबद्दल

आळंद,
शुक्रवार

ती. हावगेप्पा अण्णांना बसलिंगप्पाचे शरणु शरणार्थी.

दुबलगुंडीत सगळे खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. जिभेचं विचारत नाही, ती ठणठणीत आहे हे सोमवारीच कळलं.

त्या दिवशी आमच्या ओसरीवर तुरीचे चार व्यापारी बसलेले असताना तुम्ही, "माझ्या बहिणीला काय खाऊ घालायलास रे?" म्हणून ओरडलात, गोळ्यांचं पाकीट खिशात घातलंत आणि हुमनाबादची बस धरलीत. तोंडावर उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

अण्णा, ते विष नव्हे. विसरण्याच्या आजारावरची गोळी आहे, कलबुर्गीच्या डॉक्टरांनी दिलेली. तिच्यानं तुमच्या बहिणीला, नागरत्नाला, दिवसातून तीनदा ओकारी व्हायची, पोट बिघडायचं, भाकरी दिसली की ती तोंड फिरवायची. चार किलो उतरली. (मीही तीन उतरलो, पण ते कोणी विचारत नाही.) हा माणूस ज्वारीच्या चमचाभर अंबलीत काहीतरी कालवतो, असं ती तुम्हाला म्हणाली. कालवतोच. नुसती गोळी ती थुंकते.

तुम्ही गेल्यावर नवं पाकीट आणायला मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, गोळी जेवणानंतरच देता ना? मी तर दीड महिना उपाशीपोटी देत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं म्हणे. हा आजार घरात नक्की कुणाला आहे, असा त्यांचा चेहरा झाला. आता निम्मी गोळी, पोटात भाकरी गेल्यावर. ओकारी दोन दिवसांतून एकदाच होते.

तेव्हा मी तिचं कपाळ धरतो. औषध देतो म्हणून ती मला कंपाउंडर समजते. परवा तोंड पुसून म्हणाली, "लई चांगलं माणूस तुमी. आमच्या मालकानं चाळीस वर्षांत एकदा डोकं धरलं न्हाई."

"कामून?" मी विचारलं.

"दुकान होतं की त्यांचं. सोनू पोटात होता तवा सात महिने ओकायलते मी. ते म्हणायचे, आवाज बाहेर जायलाय, गिऱ्हाईक बसलंय."

(म्हणालो होतो.) मग अर्धा तास तिनं मालकाची सालं काढली. मी मधे एकदा त्याची बाजू घेऊन पाहिली, तर "तुमाला काय ठावं?" म्हणून मलाच गप्प केलं. आणि बोलता बोलता माझ्या हातून अख्खी भाकरी खाल्ली.

ज्या दिवशी मला ओळखते, त्या दिवशी तोंड मिटून बसते. पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. गोळीनं ओळख सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. मला ते आता धमकीसारखं ऐकू येतं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बसलिंगप्पा

ता. क. : ते पाकीट राहू द्या तुमच्याकडेच. पण एक गोळी उपाशीपोटी घेऊन बघा, मग माझ्याशी भांडा.

ता. क. : रागात लिहिलं. रविवारी जेवायला या, ती तुमची वाट बघते. माफी नको. फक्त दारातून मला जावईबापू म्हणून हाक मारू नका. कंपाउंडर म्हणा. ती जेवत असेल.