मधलं बेट कुठे गेलं?

कवरत्ती, ५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस सप्रेम जय भीम.

फोन इथे लक्षद्वीपला धड लागत नाही, म्हणून तुमच्या आवडीचं पत्र. प्रवाळाच्या पाहणीसाठी रोज पाण्यात उतरते आणि ठणठणीत आहे, असं आईला सांगा.

एकतीस वर्षं साक्रीच्या शाळेत तुम्ही प्रवाळाचे तीन प्रकार पाठ करून घेतलेत: अनुतट, रोधक, कंकणद्वीप. अहो, बऱ्याचदा ही एकाच प्रवाळाची तीन वयं असतात! इवले जीव चुन्याचं घर बांधतात, मरतात, त्यावर पुढचे बांधतात. आधी ज्वालामुखीच्या बेटाला अगदी काठाशी. मग बेट हळूहळू खचतं, प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतो, मधे पाणी शिरतं, तो रोधक. शेवटी बेट बुडतं, नुसतं कडं उरतं. मी सध्या तशाच कड्यावर राहते. गुरुजींचे गुण कापावे लागणार!

रागवा, पण माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची समीक्षा

साक्री, २० फेब्रुवारी

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मला घास गोड लागत नाही. २००४ साली आठवीत रत्ना नावाची मुलगी होती. मी फळ्यावर कंकणद्वीप काढलं, तर तिनं उठून विचारलं, की सर, मधलं बेट कुठे गेलं? मला उत्तर येत नव्हतं. आगाऊ म्हणून तिला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं. पुढे माझ्या तासाला तिनं तोंड उघडलं नाही. दहावीला भूगोलातच नापास झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच.

आता ती सोनगीरला शिवणकाम करते म्हणे. मी ओट्यावर येरझारा घालतोय. तुझी आई म्हणते, बसा एका जागी, चपला झिजतील. जाऊ का तिच्याकडे? की बैल गेला नि झोपा केला, असं होईल? मला भीती वाटते गं.

जपून राहा, म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा बाबा, देवचंद

कवरत्ती, ४ मार्च

ती. बाबांस सप्रेम जय भीम.

गंमत करायला गेले आणि तुम्हाला घोर लावला. चुकलं माझं. पण जाऊ नका असं माझ्या तोंडून ऐकायचं असेल, तर ते मी म्हणणार नाही. ती चिडेल, कदाचित दारातून परत पाठवेल. पाठवू दे. आईला मात्र बरोबर नेऊ नका, ती तुमची वकिली करील.

लोभ आहे तसा असू द्या.

तुमची समीक्षा

साक्री, १८ मार्च

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आलो. धुळ्याला गाडी बदलून सोनगीरला पोचेतो अकरा वाजले. रत्ना मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिनं ओळखलं, पण उठली नाही. मी दारातच उभा. तो प्रश्न तिला मुळी आठवतच नव्हता. सर, तुम्ही बाहेर उभं केलं, इतलंच ध्यानमा शे, म्हणाली. मी माफी मागितली. तिचे पाय मशीनवर चालूच.

मग तिचाच खडू घेऊन उंबऱ्याशी फरशीवर बेट काढलं, खचवलं, कडं तेवढं ठेवलं. मशीन थांबली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, की पाणी भरभर वाढलं तर प्रवाळ मागे पडायचा नाही का? फार शहाणपणा नको, हे शब्द ओठांवर आले होते. सवय जात नाही. ते गिळले आणि म्हणालो, रत्ना, मला माहीत नाही. एकतीस वर्षांत हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं.

तेव्हा तिनं पायानं स्टूल पुढे सरकवलं आणि मला बसायला सांगितलं.

उत्तर लवकर कळव. ती वाट बघते आहे.

तुझा बाबा, देवचंद