पथ्य मला

बाळ्या,

बाबांचा विसरभोळेपणा वाढला म्हणून आज आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. सकाळी काय खाल्लंत, काहीही विचारलं की यांची मान माझ्याकडे वळायची आणि उत्तर मी द्यायची.

"काकू, तुम्ही बोलू नका," डॉक्टर म्हणाले. आजारी हे, आणि पथ्य मला! मी बसले तोंड मिटून.

"मुलगा कुठे असतो?" डॉक्टरांनी विचारलं. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"असं मान वळणं स्मृतिभ्रंशाची खूण असू शकते. आधी रक्त तपासू."

फोनवर हे तुझ्याशी खणखणीत बोलतात ना, तेव्हाही शेजारून मीच सांगत असते.

हे पत्र पाठवणार नाही. रविवारी तुझा फोन आला की मी गॅलरीत जाऊन बसेन. तुझं तुलाच कळेल.

पथ्य पाळणारी,
आई