‘कट्’ म्हटलं की थांबायचं

९ फेब्रु., विश्रामबाग
चि. विनू फौजेतून सुट्टीवर आलाय. तिकडं गाड्यांच्या वर्कशॉपात असतो. माझ्या जुन्या मोटरसायकलसाठी टॉर्क पाना आणला. लांब दांडा, मुठीशी आकडे. बोल्टला हवा तेवढा आकडा लावायचा नि आवळत जायचं. तेवढा जोर भरला की पाना आतूनच ‘कट्’ म्हणतो.
“मग?”
“मग थांबायचं, आण्णा.”
एवढंच! शाळेत गुरुजी श्लोक म्हणून घेताना यतीच्या थांब्याला टेबलावर बोट टेकवायचे, तसं. दुपारभर डोक्यात तेच.

१० फेब्रु.
सौ.ला बहिणीकडं कडेगावला जायचंय. तेही मोटरसायकलवर, लग्नानंतर गेलो होतो तसं. तेव्हा तिच्या अंबाड्यावरची अबोली वाऱ्यानं... असो. विनू किल्ली खिशात घालून बसलाय. “मागं आई बसणार. हँडलचे चारी बोल्ट मापात आवळून दाखवा, मग जावा. न्हाईतर माझ्या कारनं चला.” कारनं ती जायची नाही. गाडी लागते तिला.

११ फेब्रु.
पहिलाच बोल्ट. कट् झालं, आणि हात आपसूक पुढं गेला. आमच्या कडेगावला उसाची गाडी भरून दोर आवळला की ग्रामदैवत नाथाच्या नावानं वर एक पीळ देतात. जन्माची सवय. बोल्टचं डोकं तुटून खाली!
“ह्ये काय केलंसा?”
“नाथाचा पीळ.”
“आवं, ह्यो दोर हाय व्हय? नाथाला हँडलवर बसवून न्हेणार काय?”
मग निवांत सांगत बसला. आवळताना बोल्ट केसभर ताणला जातो, परत आखडायला बघतो, त्या ओढीवरच सगळं धरून राहतं. फार ताणला की ओढच संपली. पोलादाला ओढ! सत्तरी उलटली, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुटकं डोकं हातात घेऊन किती वेळ बघत होतो कोण जाणे. चहा गार.

१३ फेब्रु.
विनूनं अडकलेला तुकडा काढला, नवे बोल्ट आणले. आलटून-पालटून, थोडे थोडे आवळले. दर वेळी कट्, दर वेळी थांबलो. हात शिवशिवत होता. विनूनं किल्ली पुढं केली, तोच सौ. बाहेर.
“नाथाचा दिला न्हवं?”
“नाही.”
“मग मी न्हाई बसत.”
विनू म्हणाला, “दिला तर किल्ली परत घेणार.”
मायलेक सारखेच हट्टी. मी म्हटलं, पिशवी मागं दोरीनं बांधायचीय, त्या दोरीला देतो नाथाचा पीळ. सौ.नं दोरी ओढून बघितली.
“दोरीचा हँडलला पोचतोय व्हय?”
विनूला हसू आलं नाही, मलाही नाही. खरंच, पोचत असेल का?
उद्या सकाळी निघायचं. पिशवी भरून दाराशी ठेवलीय तिनं. बसायचं की नाही, ते दोरी बांधून झाल्यावर सांगणार म्हणते.