सर्जाची घंटा

आबा,

मी मांजराचं पिल्लू आणायला गेले आहे, अकरापर्यंत येते. तुम्ही त्याच्या टोपलीत ठेवलेली घंटा पाहिली. चिंच लावून चांगली चमकवलीत, पण ती तुमच्या सर्जा बैलाची आहे हो! पिल्लू तिच्यापेक्षा हलकं असेल. आणि काल नामपूरला गेलात ते हा टोपलीतला कडबा आणायला? तो टोचेल, म्हणून त्यावर माझी जुनी ओढणी अंथरली आहे.

महिनाभर ‘फ्लॅटात जनावर नको’ कोण म्हणत होतं? सर्जा विकल्यापासून तुम्ही पहाटे चारला उठून नुसते बसता, ते मला दिसतं. उद्यापासून त्या वेळी पिल्लाला खायला तुम्हीच घालायचं. तुमच्या लेकाला ते जमणार नाही.

घंटा दाराला बांधली आहे. मी आणि पिल्लू आलो की वाजवू.

हर्षाली