शंकेचे भाषांतर

ठाणे, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८१५

चिरंजीव गोपीनाथ यास अक्काचे पोट भरून आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकावर मी ओणवी होऊन अक्षरे बघत होते, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "उत्तरा, तुला कशाला हवे इंग्रजी? तुझ्या वतीने बोलायला घरात माणसे असतील." अण्णा खोटे बोलले नाहीत. माणसे आहेत, आणि माझ्या वतीने फार बोलतात. ती काय बोलतात ते कल्याणात बसून तुला कळायचे नाही, म्हणून हे पत्र. तुझा खोकला कसा आहे? शाळेतली पोरे ऐकतात का? वासंतीला सातवा लागला, तेव्हा तिला जड उचलू देत नसशील असे धरून चालते. तिच्या डोहाळजेवणाला मला येता येणार नाही, त्याचे कारण जरा लांबून सांगावे लागेल.

गेल्या दिवाळीपासून मला लघवीवाटे रक्त जाते. (लाजू नकोस. तुझी दुपटी मीच धुतली आहेत. एवढा एक शब्द तुला वाचता आला पाहिजे.) तू धाडलेल्या वैद्यबुवांनी माझी नाडी धरून डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटून ठेवले की मला वाटले त्यांना झोप लागली. मग म्हणाले, उष्णता. गोखरूचा काढा दिला आणि मला आवडते तेवढे सगळे वर्ज्य केले: चिंच, लोणचे, वांगे आणि वाचन. सासूबाईंपुढे पेच निराळाच. हे रक्त विटाळाचे की बिनविटाळाचे? भटजींनी पोथ्या चाळल्या, पण शास्त्रकारांच्या बायकांना हे दुखणे झालेले दिसत नाही. तेव्हा खबरदारी म्हणून मला कोपऱ्यात बसवले आणि स्वयंपाक सासूबाईंच्या गळ्यात आला. आठ दिवस चुलीपुढे बसल्यावर त्यांनी स्वतःच निकाल दिला की हा विटाळ नव्हे.

पुढे गुठळ्या पडू लागल्या, तेव्हा तुझे भाऊजी घाबरले आणि इथल्या सिव्हिल सर्जन साहेबाकडे जायचे ठरले. साहेबाने आधी बाटली मागवली. कसली ते तू समजलास. तुझ्या भाऊजींची स्वारी ती बाटली देवघरातल्या रेशमी वस्त्रात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून तळ्याच्या कडेने निघाली. समोरून आमच्या शेजारच्या रंगूबाई देवळातून येत होत्या. इतक्या मर्यादेने नेलेली वस्तू म्हणजे काशीहून आलेली गंगाच, असे समजून त्यांनी भर रस्त्यात हात जोडले आणि तीर्थासाठी तळवा पुढे केला. पुढे काय झाले ते स्वारी सांगत नाही. रंगूबाई मात्र त्या दिवसापासून आमच्यावर रुसल्या आहेत, त्यावरून तीर्थ दिले नसावे.

तुला ठाऊकच आहे, तुझे भाऊजी कोर्टात भाषांतरकार. जज्जाने एखाद्याला फाशी दिली तर ती मराठीत त्याच्या तोंडावर सांगायचे काम ह्यांचे, आणि ह्यांचा शब्द इकडचा तिकडे होत नाही अशी ख्याती. पडद्याआड मी, बाहेर साहेब, आणि मध्ये ही ख्याती उभी. साहेबाने विचारले, काय होते? आता परक्या पुरुषापुढे बायकोच्या लघवीचे नाव कसे काढायचे? ह्यांनी घरातला सभ्य शब्द घेतला, लघुशंका, आणि गांगरून त्याचा शब्दाला शब्द तर्जुमा केला. माझ्या पत्नीच्या लहान संशयातून रक्त जाते, असे साहेबाला सांगितले. संशय कधीपासून आहे, साहेबाने विचारले. हे म्हणाले, दिवाळीपासून, आणि पहाटे जास्त. साहेबाने विचारले, कोणाचा? (हे सगळे मला तिथल्या नर्सबाईने, रतनबाईने, पोट धरून हसत सांगितले. ती पारशीण, तिला दोन्ही भाषा येतात.) मला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचे साहेबाच्या मनात आले होते. त्याला बाटली आठवली म्हणून मी वाचले.

मग त्याने सळई घालून पाहिले. ते लिहिण्यासारखे नाही. मी ओरडले नाही एवढेच लिहिते. (रतनबाईचे मनगट काळेनिळे झाले.) आत मुतखडा असला तर सळई त्यावर टणकन वाजते म्हणे. वाजली नाही. आपल्या पोटात दगड निघावा अशी आशा मी जन्मात पहिल्यांदा केली, तीही फुकट गेली. मग साहेब बोलू लागला. एक आरती म्हणून व्हावी इतका वेळ बोलला. बोलणे संपल्यावर ह्यांनी मला सांगितले, "विश्रांती घे." मी म्हटले, एवढ्या इंग्रजीचे मराठीत दोनच शब्द? तर म्हणाले, इंग्रजी भाषाच पसरट आहे. रतनबाईला गाठून विचारले, तर संशयाची गोष्ट सांगताना हसणारी ती बाई जमिनीकडे बघू लागली. मोठ्या साहेबाचे बोलणे सांगायचा तिला हुकूम नाही म्हणे. तिथेच मला अर्धे कळले.

परवा पुन्हा गेलो. ह्या वेळी मी पडदा बाजूला केला. (सासूबाईंना कळवू नकोस, भटजींना परत पोथ्या काढाव्या लागतील.) साहेब पूर्वी पलटणीत होता आणि हिंदुस्थानी बोलतो, हे मी रतनबाईकडून काढून घेतले होते. मी त्यालाच विचारले, मेरे पेट में क्या है? तो ह्यांच्याकडे बघू लागला. मी म्हटले, पेट मेरा है. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मूत का थैली में गाँठ है. खराब गाँठ. काटेगा तो शायद बचेगा. नहीं काटेगा तो मरेगा." (साहेबाच्या हिंदुस्थानीत बायका नसतात.)

एवढी हिंदुस्थानी तुला येते, मला येते, ह्यांनाही येते. तरी हे माझ्याकडे वळले, घसा साफ केला, आणि कोर्टातल्या आवाजात मला म्हणाले, "साहेब म्हणतात, विश्रांती घे."

गोपीनाथ, मी रागावणार होते, पण राग येईना. खुन्याच्या डोळ्यांत बघून फाशी सांगणारा हा माणूस, आणि माझ्याकडे बघताना त्याला हे दोनच शब्द सापडले. पण राग आला नाही म्हणून मी मरायला कबूल झाले असे कोणी समजू नये. मी साहेबाला पुढचे विचारले. गुंगी देऊन ओटीपोट चिरायचे आणि गाठ काढायची. टेबलावरच मेले तर? तसेही होते, म्हणाला. गाठ पुन्हा आली तर? येईलही. मला त्याचे बोलणे फार आवडले. इतक्या महिन्यांत माझ्याशी इतक्या आदराने कोणी बोलले नव्हते. घरी मात्र सगळ्यांचे ठरले आहे की सुरी लावायची नाही, अनुष्ठान करायचे. सासूबाई म्हणतात, मरायचे तर अख्खे मरावे. मी म्हटले, मला अर्धवट जगलेले चालेल.

तर अशामुळे डोहाळजेवणाला येत नाही. वासंतीसाठी माझा हिरवा शालू धाडते. तिच्या पोटात काही वाढते आहे आणि माझ्याही. तिचे तेवढे कौतुक करा. पत्राचे कारण इतकेच, की शालू पोचल्याचे कळव.

तुझी अक्का

ता. क. वैद्यबुवांना सांग, काढा लागू पडला. तुळशीला घालत होते, चांगली फोफावली आहे.

आणखी ता. क. शालूचे निमित्त केले. घरच्या पुरुषाच्या तोंडून होकार ऐकल्यावाचून साहेब सुरी धरत नाही. पोट कोणाचे हे तिथे चालत नाही. तुझ्या भाऊजींना मी विचारले. ते म्हणाले, हे वाक्य मला कोणत्याच भाषेत बोलता येणार नाही. त्यांना मी पुन्हा विचारणार नाही. तू गुरुवारी ये आणि साहेबाला इंग्रजीत सांग, की हिचा भाऊ म्हणतो, चिरा. एवढेच. पुढे होईल ते माझे. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. मी मेले तर ते वाक्य जन्मभर तुझ्या तोंडात राहील, आणि तू तर लहानपणी साधे कडू किराईतही जिभेवर ठेवू शकत नव्हतास. पण नकार टपालाने धाडू नकोस. गुरुवारी सकाळी ये, माझ्या शेजारी उभा राहा, आणि नाही म्हणायचे ते माझ्यादेखत साहेबाला म्हण.