आरशांची चणियाचोळी

शुक्रवार, संध्याकाळ

अजून डोकं शांत होत नाही. गोरव्याच्या वस्तीत मी चालवते त्या अभ्यासवर्गाला मदत देणारे आज फोटो काढायला आले. पाहुणे येणार म्हणून वस्तीतल्या रेखाबेननं वर्गात येणाऱ्या आपल्या लेकीला नवरात्रीची आरसे लावलेली चणियाचोळी घातली होती. फोटोवाला मला म्हणतो, "बेन, ही गरीब वाटत नाही. रोजचे कपडे घालायला सांगा ना."

म्हणजे मदत हवी तर आरसेसुद्धा लपवायचे?

मी तोंड उघडायच्या आत रेखाबेन लेकीला घेऊन घरात गेली. वाटलं, बदलणार आता कपडे. बाहेर आली तेव्हा चणियाचोळी तशीच, आणि स्वतः लग्नातला शालू नेसलेली.

"चालो," म्हणाली, "आता काढा."