वॉलब्रिज येतंय

२१ जून, शुक्रवार

सकाळी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. मैदानाच्या गवतावर औषध मारून घेतलं. दुपारी छापखान्यातून यंदाच्या सामन्यांची पोस्टरं आली. अमेरिकन फुटबॉलचं सगळ्यात मोठं. त्यात पहिलीच ओळ – ७ सप्टेंबर, शनिवार, आपल्या मैदानावर, वॉलब्रिज कॉलेज.

छापलेलं पाहिलं आणि पोस्टर उलटं करून ठेवलं.

करारावर सही माझीच आहे, कॉलेजचा क्रीडाप्रमुख म्हणून. फेब्रुवारीतली. माझ्या बायकोला, कॉरिनला, पुरून आठवडासुद्धा झाला नव्हता. त्या आठवड्यात मी सगळ्यांना हो म्हणत होतो. पास्टरना हो, शवपेटीच्या रंगाला हो, जेवण घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येकीला हो. तसाच ड्वाइट पोलमन आला. आमचा कोच. ‘हार्लन, वॉलब्रिज यायला तयार आहे! आपल्याकडे! त्यांच्याशी कुणी खेळायलाच तयार होत नाहीये.’ मी हो म्हणालो. त्याने कागद पुढे केला, मी सही केली. त्याने मला मिठी मारली. मला वाटलं, सांत्वनाची मिठी.

ड्वाइटची चूक नाही. गेल्या मोसमात आम्ही एकच सामना हरलो, तरी बाद फेरीत घेतलं नाही. निवड समिती म्हणाली, गटाबाहेर तुम्ही हरवलंत कुणाला? दोन दुबळ्या कॉलेजांना! ते दोन्ही सामने मी ठरवलेले. गटातले सामने आपोआप ठरतात, गटाबाहेरचे दोन तेवढे माझ्या हातात. मी नेहमी मऊ प्रतिस्पर्धी शोधत आलो. ड्वाइट म्हणतो, ‘वॉलब्रिजकडून हरलो तरी समिती निदान आपलं नाव वाचेल.’

संध्याकाळी नेल्स म्हणाला, ‘बाबा, एक पोस्टर माझ्या खोलीत लावू?’

लाव म्हणालो. तो बचावाच्या अगदी मागच्या फळीत खेळतो. पुढच्या सगळ्यांना चुकवून जो सुटतो, त्याला नेल्सने एकट्याने आडवं करायचं. वॉलब्रिजमधून सुटून येणारे दाराच्या चौकटीएवढे असतात.

घरात आता तो आणि मी. एवढंच.

२३ जून, रविवार

चर्चनंतर मार्लिस आली. कॉरिनची धाकटी बहीण. तळघरात डोकावली आणि ओरडलीच – ‘हार्लन! ही भांडी अजून इथेच?’

अंत्यविधीच्या वेळी लोकांनी जेवण आणलेली ओव्हनची भांडी. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. धुऊन ठेवलीत मी. परत द्यायला प्रत्येकीच्या दारात जावं लागेल. मग ती विचारणार, कसा आहेस.

‘तुझ्यामुळे अर्ध्या हॅल्स्टनच्या बायका बिस्किटं भाजायच्या पत्र्यावर स्वयंपाक करतायत,’ मार्लिस म्हणाली. ‘माझं तरी दे!’

शोधतो म्हणालो. समोरच होतं.

९ जुलै

ऑफिसात दार लावून वॉलब्रिजचे गेल्या वर्षीचे सामने पाहिले. एका पोराला त्यांनी असं आपटलं की त्याचं हेल्मेट निघून लांब घरंगळत गेलं. तो उठला. मी ते पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा उठला. तरी पुन्हा पाहिलं.

कॉरिनही स्वयंपाकघरात अशीच पडली होती. आवाजसुद्धा झाला नाही फारसा. मला वाटलं, उठेल.

११ जुलै

ठरवलं. सामना रद्द करायचा. कारण काहीही देऊ. उद्या फोन.

१२ जुलै, शुक्रवार

केला. रे कॅझमारेक – त्यांचा कोच. मला वाटलं होतं राक्षस असेल. आवाज मात्र घसा बसलेल्या शाळामास्तरासारखा. मी काही बोलायच्या आतच – ‘हार्लन, तुमच्या मिसेसचं कळलं होतं. तेव्हा फोन करणार होतो, धीर झाला नाही.’

मग म्हणाला, ‘तुम्हाला सांगू? दर हिवाळ्यात मी सगळ्या कॉलेजांना फोन लावतो. कुणाच्या मैदानाचं काम निघतं, कुणाच्या तारखा जुळत नाहीत. माणसं मला घाबरून खोटं बोलतात हो! तुम्ही एकटे सरळ हो म्हणालात. आमच्याकडे तर बसबरोबर गाड्यांची रांग निघणारे. आघाडी मोठी झाली की मी राखीव पोरांना उतरवतो ना – त्यामुळे ज्याला कधी खेळायला मिळत नाही त्याची आईसुद्धा येते.’

मी विचारलं, बस कुठे लावणार? उत्तरेच्या फाटकाशी जागा ठेवतो म्हणालो. फोन ठेवला.

आघाडी मोठी झाली की! किती सहज म्हणाला.

१४ ऑगस्ट

सराव सुरू झाला. पोरं गवतावर ओळीने पडलेली, वाफा निघतायत. ड्वाइटला बाजूला घेऊन म्हटलं, नेल्सचा खांदा दुखतोय, पहिल्या सामन्याला बाहेर बसव त्याला.

‘कोण बोलतंय? बॉस की बाप?’

मी पोरांकडे पाहिलं.

‘बॉस म्हणून सांग, बसवतो. बाप म्हणून सांगायचं तर आधी त्याला विचार.’

विचारलं नाही.

१५ ऑगस्ट

नेल्स जेवताना माझ्याशी बोलला नाही. ड्वाइटने सांगितलं वाटतं. ताट उचलताना म्हणाला, ‘बाबा, आई असती तर म्हणाली असती, गुडघे वाकव आणि डोकं वर ठेव.’

खरं आहे. ती पहिल्या रांगेत बसून हेच ओरडायची. तिला खेळातलं एवढंच यायचं.

२ सप्टेंबर, सोमवार

कामगार दिनाची सुट्टी. मार्लिसकडे मक्याची कणसं आणि भाजलेले सॉसेज. तिचा नवरा अर्ल माझी फिरकी घेत होता – ‘काय रे, शनिवारी अँब्युलन्स एक की दोन?’ सगळे हसले. मीही. एकच असते. दुसरी मागवायची का, हे मी मागच्या आठवड्यातच विचारून आलोय. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही.



५ सप्टेंबर

मैदानाच्या रेषा आखून घेतल्या. रेषा सरळ आल्या.

७ सप्टेंबर, शनिवार

हरलो. नेल्सला ओरखडासुद्धा नाही. आज लिहवत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

लिहितो.

मध्यंतराला आम्ही पस्तीस गुणांनी मागे होतो. माझी नजर चेंडूवर नव्हतीच, फक्त नेल्सवर. पडला, उठला. पडला, उठला. हेल्मेटच्या जाळीत गवत. प्रत्येक वेळी माझ्या तोंडात पितळेसारखी चव.

मध्यंतरात रेफरी खाली दोन्ही कोचशी बोलताना दिसला. काय ते ओळखलं. दोन्ही कोच कबूल झाले तर चारपैकी उरलेले दोन डाव छोटे करता येतात. सामना एकतर्फी झाला की मोठा संघ तसं सुचवतो. कॅझमारेकने सुचवलं होतं.

मी स्टँडमधून उतरलो. आजवर मध्यंतरात पोरांच्या खोलीकडे कधी गेलो नाही. दारात उभा राहिलो. ड्वाइट पोरांना विचारत होता – ‘ते म्हणतायत, छोटं करू. काय करायचं?’

मग नेल्स म्हणाला, ‘एवढ्या लांबून आलेत ते. पूर्ण खेळू.’

बाकीचे ओरडले, पूर्ण! पूर्ण! बाकांवर हेल्मेटं आपटली.

ड्वाइटने माझ्याकडे पाहिलं. मी बॉस होतो. एक शब्द पुरला असता. पण खोलीतली सगळी पोरं माझ्याकडे पाहत होती आणि नेल्स पाहत नव्हता. मी बाजूला झालो. त्यांना जायला वाट दिली.

शेवटच्या डावात कॅझमारेकने बोलल्याप्रमाणे राखीव पोरं उतरवली. त्यांच्या आया स्टँडमध्ये उभ्या राहून नावं घेऊन ओरडायला लागल्या. माझ्या पुढच्याच रांगेत एक बाई होती. एकटीच, जर्द पिवळा कोट. ‘डेव्हिन! ए डेव्हिन!’ मागे वळून मला म्हणाली, ‘माझा! आज पहिल्यांदाच!’ मी अभिनंदन केलं. मला हलकं वाटत होतं. दाराएवढे सगळे बाकावर जाऊन बसले होते. नेल्सपुढे आता ही बारकी पोरं. संपलं, म्हटलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा पाठ टेकून बसलो.

त्या पोराला चेंडू मिळाला. छान पळाला. आमच्या दोघांना चुकवून सुटला. बाई ओरडत होती. समोरून नेल्स आला – गुडघे वाकवून, डोकं वर.

टक्कर नियमाप्रमाणेच झाली, चूक काही नाही. रेफरीने शिट्टी मारली ती खेळ थांबल्याची, बाकी काही नाही. नेल्स उठला. हात पुढे केला, त्या पोराला उठवायला. हात तसाच पुढे धरून उभा राहिला.

मी पुढच्या रांगेतली पिवळी पाठ पाहत होतो. ती हलत नव्हती. मला कळलं, ती मनात म्हणतेय – उठेल.

अँब्युलन्स एकच होती. एक पुरली. कुणी जायबंदी झालं की बसतात तसं सगळं मैदान एका गुडघ्यावर बसलं होतं, दोन्ही संघ.

पोराला फार्गोच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मानेचा मणका. डॉक्टर म्हणतात, ‘आता काही सांगता येत नाही.’

उन्हाळाभर मी मोठ्यांना घाबरत होतो. त्यांच्याकडेही बारकी पोरं असतील आणि त्यांच्यासमोर माझाच दाराएवढा असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

९ सप्टेंबर

नेल्स खोलीतून बाहेर येत नाही. ड्वाइट आला होता, दाराबाहेर जिन्यात बसून बोलत राहिला. आतून काही नाही. खाली आल्यावर मला म्हणाला, ‘तू मध्यंतरात नाही म्हणायला हवं होतंस.’ मग लगेच – ‘मी म्हणायला हवं होतं.’ टोपी विसरून गेला.

नेल्सने भिंतीवरचं पोस्टर काढलंय. केर काढताना तुकडे मिळाले.

भीती गेली नाही. नुसती खोली बदलली तिने. आता जिन्याच्या वर बसलीय. वर हालचाल ऐकू आली नाही की मी जिन्याशी जातो.

११ सप्टेंबर, बुधवार

टेटर टॉट हॉटडिश केला. खिमा, मशरूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे ओळीने. कॉरिनच्या भांड्यात. दुसरं भांडं घेणार होतो, पण तळघरातली सगळी दुसऱ्यांची. तिच्या भांड्याच्या बुडाला तिच्याच अक्षरात आमचं आडनाव – टवाइट. पट्टी काढून नवी लावावी असं वाटलं. काढली नाही.

फार्गोला गेलो. तेच हॉस्पिटल, फेब्रुवारीतलं. गाडी लावायची जागासुद्धा पाय आपोआप ओळखतात. सरकत्या दाराशी थांबलो. माणसं बाजूने जात होती. हातातलं गरम होतं म्हणून आत गेलो, नाहीतर गेलो नसतो.

ती बाई वरच्या मजल्यावर खुर्चीत. मिसेस ओक्स. तोच पिवळा कोट. मी नाव सांगितलं. कुणाचा बाप तेही सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग भांड्याकडे.

‘तुम्ही माझ्या मागे बसला होतात.’

हो म्हणालो.

‘तिथे ठेवा.’

ठेवलं. जिन्यापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाली, ‘डावा हात हलवतो. पाय नाही अजून.’

गाडीत बराच वेळ बसलो. नेल्सला काय सांगायचं? हात सांगायचा की पाय? घरी येऊन काहीच सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर

उद्याच्या सामन्याला नेल्स जात नाही. ताट दाराबाहेर ठेवतो, अर्धं परत येतं. मार्लिस म्हणाली, ‘माझ्याकडे पाठव थोडे दिवस.’ नको म्हणालो. नजरेआड नको.

१५ सप्टेंबर, रविवार

दुपारी बेल वाजली. मिसेस ओक्स. हातात कॉरिनचं भांडं, धुऊन पुसलेलं. पट्टीवरचं नाव वाचून गावात घर विचारत आली. आत या म्हटलं. बसली नाही.

‘डेव्हिनने शपथ घातलीय म्हणून आले. मला यायचं नव्हतं. तुमच्या मुलाला निरोप आहे – टक्कर झकास होती. गुडघे वाकवून, डोकं वर. असं पुस्तकात असतं म्हणे.’ तिचा आवाज फाटला. ‘असं कुणी सांगतं का हो? पाय हलत नाहीत आणि हे सांगतंय कार्टं!’

भांडं माझ्या हातात दिलं. ‘कुठे आहे तो?’

जिना दाखवला. ती एकेक पायरी चढत गेली. दार वाजवलं. मग कडी निघाल्याचा आवाज. मग तिचा आवाज. मग, आठ दिवसांनी, नेल्सचा.

काय बोलत होते ते ऐकलं नाही. तळघरात गेलो. भांडी वर आणली, बुडाची नावं वाचत गाडीत ठेवली. सगळ्यात वर मार्लिसचं.